प्रातोची मार्गरीता : एक पट्टा, तीन शुक्रवार आणि दीड लाख पत्रं

रानजाई (धागाकर्ती)

चौदाव्या शतकाची शेवटची वर्षं. इटलीतल्या फ्लोरेन्समधला निक्कोलो जवळच्या प्रातो गावी आपल्या मेहुणीच्या घरी पत्र पाठवतोय. मेहुणी मार्गरीता, तिला मूल नाही. पत्रातला निरोप खरं तर निक्कोलोच्या बायकोचा, म्हणजे मार्गरीताच्या सख्ख्या बहिणीचा, फ्रान्चेस्काचा. तिनं एका बाईकडून खास पट्टा मिळवलाय. त्यावर अक्षरं लिहिलेली आहेत आणि तो उघड्या पोटावर बांधायचा. बांधणारा मुलगा कोवळा, ब्रह्मचारी हवा. बांधण्याआधी त्यानं देव, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) आणि संत कॅथरीन यांच्या नावानं तीन-तीन प्रार्थना म्हणायच्या. एवढं सगळं लिहून झाल्यावर निक्कोलो स्वतःचं मत जोडतो : बायकांच्या बोलण्याकडे लक्ष देण्यापेक्षा तीन शुक्रवार तीन भिकाऱ्यांना जेवू घाला, त्यानं जास्त गुण येईल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. सहाशे वर्षांपूर्वीच्या परदेशी घरातलं बोलणं आपल्या माजघरातल्यासारखं ऐकू येत होतं.

आपल्याला हे वाचता येतं ते मार्गरीताच्या नवऱ्यामुळे. फ्रान्चेस्को दातीनी हा प्रातोचा व्यापारी. 1348 च्या प्लेगमध्ये आई, वडील आणि दोन भावंडं गेली. तो आणि त्याचा भाऊ स्तेफानो तेवढे उरले. पिएरा नावाच्या बाईनं त्यांना वाढवलं. तिला तो पुढे आईच मानायचा. पंधराव्या वर्षी तो आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंला गेला. तेव्हा पोप रोममध्ये नव्हते, तिथे राहायचे, म्हणून पैसाही तिथेच होता. चिलखतं, मीठ, कापड, फ्लोरेन्सहून मागवलेली मेरीमातेची चित्रं, जे खपेल ते विकत तो श्रीमंत झाला. 1376 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यानं मार्गरीताशी लग्न केलं. ती सोळा-सतरा वर्षांची. तिच्या वडिलांना फ्लोरेन्समध्ये कटाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला होता आणि कुटुंब परागंदा होऊन आविन्योंत राहत होतं. आई घेरार्दिनी या जुन्या, मानी घराण्यातली. एका भांडणात मार्गरीता नवऱ्याला याची आठवण करून देते : माझ्या अंगात थोडं घेरार्दिनी रक्त आहे.

1383 च्या सुरुवातीला दोघं प्रातोला परतली. फ्रान्चेस्कोचा व्यापार पीसा, जेनोआ, बार्सेलोना, व्हालेन्सिया, मायोर्का असा पसरत गेला आणि तो स्वतः बहुतेक काळ फ्लोरेन्सला किंवा पीसाला. प्रातो ते फ्लोरेन्स अंतर वीसेक किलोमीटर. खेचरवाले रोज ये-जा करायचे. त्यांच्याबरोबर कोंबड्या, अंडी, पाव, धुतलेले कपडे आणि पत्रं जायची. मार्गरीताची सुमारे अडीचशे आणि त्याची पावणेदोनशेच्या वर पत्रं आज आहेत. पीठ दळून आणलं का, वाइनच्या पिपाला हवा लागली नाही ना, अमक्याचे पैसे वसूल झाले का, खेचराला खायला घातलं का. आणि मधेच, तू इतका वेळ कसल्या घोरात असतोस, रात्र रात्र जागून लिहितोस, मरशील, असा राग.

सुरुवातीला ती सांगायची आणि दुकानातला कोणी लिहायचा. म्हणजे नवऱ्यावरचा रागही कारकुनाच्या हातून. मग तिशीत ती लिहा-वाचायला शिकली. 1399 मधली तिची कितीतरी पत्रं तिच्या स्वतःच्या हातची आहेत. अक्षर जड आहे, ओळी चढतात-उतरतात, पण आता मधे कोणी नाही. लापो मात्सेई हा त्यांचा नोटरी मित्र. या वयात ती वाचायला शिकली याचं त्याला फार कौतुक होतं.

फ्रान्चेस्को 1410 मध्ये वारला. कागद घरातच राहिले आणि पुढे जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत पोत्यांमध्ये पडून होते. 1870 मध्ये ते सापडले. सुमारे दीड लाख पत्रं, पाचशेवर हिशेबाच्या वह्या, शेकडो विमापत्रं. त्याच्या वह्यांवर लिहिलेलं असायचं, 'देवाच्या आणि नफ्याच्या नावानं'.

या घरात श्रद्धा कशी नांदत होती ते मला इथे बोलायचं आहे. 'त्या काळातले लोक अंधश्रद्ध होते' असं आपण एका वाक्यात उरकतो. पण त्या एका पत्रात तीन मतं आहेत. पट्टा देणारी बाई आहे, त्यावर विसंबणारी बहीण आहे आणि अन्नदान बरं म्हणणारा मेहुणा आहे. तिघंही तितकेच भाविक. वाद चालू आहे तो कशानं देव पावेल याचा. मला तर यात मोठी जिवंत गोष्ट दिसते. तुम्हाला काय वाटतं?

---

चिंचेचं_झाड

ताई, पट्ट्याचा परिच्छेद तीनदा वाचला. माझ्या मावशीला अकरा वर्षं मूल नव्हतं. तिच्या दंडात दोरा होता, गळ्यात ताईत होता, ओटीत नारळ होता, आणि शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या. काकांनी दर गुरुवारी शाळेतल्या मुलांना खाऊ वाटायला सुरुवात केली होती. त्यांना दोरे आवडत नसत, पण त्यांनी तो कधी काढायलाही लावला नाही. लहानपणी मला वाटायचं मावशीचा सगळ्यावरच विश्वास आहे. मोठी झाल्यावर तिनंच सांगितलं, "विश्वास एकावरही नव्हता गं, पण एकही सोडायची हिंमत नव्हती."

मार्गरीतानं तो पट्टा बांधला का, हे कळतं का कुठे?

---

रानजाई

तुमच्या मावशींचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

पट्ट्याचं पुढे काय झालं ते पत्रांत नाही. आणखी एक उपाय मात्र आहे. पोटावर बांधायचा लेप. फ्रान्चेस्काच्या ओळखीतल्या एका बाईला त्यानं दिवस गेले म्हणे. पण त्याला इतकी घाण येते की काही नवऱ्यांनी तो फेकून दिल्याचं तिच्या कानावर आलंय, आणि हेही ती बहिणीला प्रामाणिकपणे कळवते. मूल काही झालं नाही.

एक मला फार लागतं. प्रातोच्या मुख्य चर्चमध्ये जो पवित्र अवशेष आहे तोच मुळी एक कमरपट्टा आहे! मेरीमातेनं स्वर्गात जाताना संत थॉमसला दिलेला, अशी श्रद्धा. मिकेले दागोमारी नावाच्या प्रातोकरानं तो 1141 मध्ये जेरुसलेमहून आणला अशी कथा सांगतात. 1312 मध्ये तो चोरण्याचा प्रयत्न झाला आणि चोराचा हात तोडला गेला. मार्गरीता तिथे राहत होती त्याच काळात, 1392 ते 1395, चित्रकार आन्योलो गाद्दी त्या पट्ट्याच्या चॅपेलच्या, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहाच्या, भिंती रंगवत होता. त्यानं दातीनींच्या घरीही काम केलंय. गर्भारपणासाठी, बाळंतपणासाठी बायका या पट्ट्याची प्रार्थना करत. आजही वर्षातून पाच वेळा तो लोकांना दाखवतात. ईस्टर, 1 मे, 15 ऑगस्ट, 8 सप्टेंबर आणि नाताळ. चर्चच्या बाहेरच्या कोपऱ्यावर त्यासाठी शिल्पकार दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांनी केलेला सज्जा आहे. तो मार्गरीतानंतरचा.

म्हणजे चर्चमधला पट्टा पूज्य आणि बहिणीनं मिळवलेला पट्टा म्हणजे बायकांची बडबड. हा फरक कोण ठरवत होतं?

---

वहीखातं

उत्तम लेख. मी व्यवसायानं सनदी लेखापाल, त्यामुळे वह्यांवर अडकलो. दातीनींच्या कंपन्यांत दुहेरी नोंद पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहायची रीत, 1380 च्या दशकापासून दिसते. या पद्धतीसाठी आम्हाला परीक्षेत शिकवतात ते पाचोली. त्यांचा ग्रंथ व्हेनिसला 1494 मध्ये छापला गेला, म्हणजे शंभर वर्षांनी. पाचोलींनी व्यापाऱ्यांच्या हातात आधीच असलेली रीत मांडून दिली.

'देवाच्या आणि नफ्याच्या नावानं' वाचताना आमच्या दुकानातली वही आठवली. पाडव्याला नवी वही, पहिल्या पानावर 'श्री', मग 'शुभ', 'लाभ'. वडील 'लाभ' लिहिताना 'शुभ'पेक्षा जास्त हळू लिहायचे.

पण एक फरक आहे. आपल्याकडे लाभ लिहायला कोणी भीत नाही. तिथे चर्चची व्याजावर बंदी होती. त्यामुळे व्यापारी हुंडीसारखी कागदपत्रं वापरत. एका गावात एका चलनात पैसे घ्यायचे, दुसऱ्या गावात दुसऱ्या चलनात फेडायचे, आणि व्याज विनिमयाच्या दरात मुरवायचं. फ्रान्चेस्कोनं 1398 मध्ये फ्लोरेन्सला पेढी काढली तेव्हा लोक म्हणू लागले की एवढा मोठा व्यापारी आता सावकार होणार, नाव घालवणार. ही कुजबुज एका सहकाऱ्यानं त्याला पत्रानं कळवलीय.

त्याआधीच्या बार्दींसारख्या मोठ्या पेढ्या तर भागीदारीत देवाचं खातं ठेवत. नफ्यातला त्याचा वाटा गरिबांना. माझ्या मते हे लोक देवाशीही हिशेबानंच वागत होते.

---

उत्तररात्र

वहीखातं, सहमत. आणि म्हणूनच मला या फ्रान्चेस्कोच्या भक्तीबद्दल शंका येते. 1399 च्या यात्रेचं मी वाचलं आहे. बरोबर बाराजण, दोन घोडे, एक खेचर, खोक्यांत चीज, पाव, बिस्किटं, साध्या आणि साखरेच्या पोळ्या. याला पश्चात्ताप म्हणायचं? सहल झाली ही.

---

रानजाई

उत्तररात्र, इथे मी ठामपणे असहमत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : 1399 च्या उन्हाळ्यात उत्तर आणि मध्य इटलीत हजारो माणसं घरंदारं सोडून चालायला लागली. पांढरे कपडे, म्हणून त्यांना बियांकी म्हणत. पाय अनवाणी, हातात चाबूक, स्वतःच्या पाठीवर मारायला. तोंडी 'दया आणि शांती'. गावोगावी जाऊन जुन्या वैरांत दिलजमाई करायची. 1400 हे शतकाचं वर्ष तोंडावर आलेलं, प्लेगच्या बातम्या येत होत्या.

फ्रान्चेस्को तेव्हा साठीच्या पुढचा. 28 ऑगस्टला तो निघाला आणि अरेत्सोपर्यंत जाऊन परत, असे दहाएक दिवस चालला. अनवाणी. त्या दिवसांत गादीवर झोपायचं नाही, कपडे उतरवायचे नाहीत, मांस खायचं नाही. हो, खेचरावर साखरेच्या पोळ्या होत्या. पण तेरा माणसांच्या जेवणाची जबाबदारी घेऊन निघालेला माणूस शिदोरी घेणारच. आपल्याकडे दिंडीच्या मागे ट्रक असतो. त्यात गॅस, तांदूळ, औषधं असतात. त्यावरून कोणी वारकऱ्याची भक्ती मोजत नाही. आपली वारी आणि ते चाबूक यांत खूप अंतर आहे हे मला कळतं, मी फक्त शिदोरीपुरतं बोलतेय.

आणि पुढच्याच वर्षी प्लेग आला. जून 1400 मध्ये मृत्युपत्र करून दातीनी कुटुंब बोलोन्याला गेलं. पीसाचा भागीदार गेला, प्रातोचा भागीदार गेला. लापो मात्सेई मागे फ्लोरेन्सला राहिला. त्याची दोन मुलं काही तासांच्या अंतरानं त्याच्या हातांत गेली. ते त्यानं फ्रान्चेस्कोला लिहिलंय. ज्या माणसाचं सगळं घर वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी याच रोगानं नेलं, त्यानं ते पत्र कसं वाचलं असेल?

---

उत्तररात्र

हे 1348 शी जोडलेलं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'सहल' हा शब्द मागे घेतो. हिशेबीपणाबद्दलचं मत मात्र कायम आहे.

---

मोडीवाला

लेखाबद्दल मनापासून आभार. मी गेली सहा वर्षं मोडी शिकतोय, त्यामुळे माझा रस अक्षरात.

दातीनींच्या कागदांतली बरीचशी पत्रं ज्या लिपीत आहेत तिला तिकडे 'मेर्कान्तेस्का', म्हणजे व्यापाऱ्यांची लिपी, म्हणतात. नोटरी आणि दरबारी लेखकांचं वळण वेगळं, व्यापाऱ्यांचं वेगळं. गोलसर, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, हात शक्यतो न उचलता धावतं लिहिलेलं. मोडीचंही तेच. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू न उचलता लिहीत सुटायचं. दोन्हीकडे गरज एकच, रोजच्या ढीगभर कागदाला वेग हवा.

फोटोंवरून मार्गरीताच्या हातचं एक पत्र पाहिलं. सराईत कारकुनाच्या पत्रांशेजारी ते ठेवलं की कळतं, प्रत्येक अक्षर वेगळं कोरलंय. नवशिक्याचा हात लगेच ओळखू येतो, कारण माझा तसाच आहे. वेग नाही आणि शब्द कुठे तोडायचा याचा अंदाज नाही. ती कानानं लिहितेय.

मला हे विचारायचं होतं की तिला शिकायची गरज का वाटली? लेखनिक तर घरात होते.

---

रानजाई

मोडीवाला, 'कानानं लिहितेय' अगदी बरोबर.

मला सुचणारं कारण सांगते. नवरा-बायकोची भांडणं लेखनिकांच्या हातून जात होती हे तिला बोचत असणार. शिवाय नवरा नसताना माणसांची, पैशांची, मालाची व्यवस्था तीच बघायची आणि आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं की घरात सत्ता त्या दुसऱ्याची. लापोशी ती पुढे स्वतः पत्रव्यवहार करत होती. आणि मूल नाही, मग ही उमेद कुठेतरी लावायची होतीच.

---

कृष्णाकाठ

सगळा धागा वाचला. एक नाव अजून आलं नाही म्हणून लिहिते. लुचिया.

प्लेगनं माणसं इतकी मेली की 1363 मध्ये फ्लोरेन्सनं ख्रिस्ती नसलेले गुलाम आणायला परवानगी दिली. काळ्या समुद्राकडून तार्तार, सर्केशियन मुली यायच्या. किंमत पन्नास-साठ फ्लोरिन, म्हणजे फ्लोरेन्सची सोन्याची नाणी. दातीनीही या व्यापारात होता, आणि त्याच्या घरात गुलाम मुली होत्या. 1387 मध्ये घिरिगोरा नावाच्या मुलीला त्याच्यापासून दिवस गेले. घाईघाईनं तिचं लग्न लावून दिलं. मुलगा झाला, काही महिन्यांत गेला. 1392 मध्ये लुचियाला मुलगी झाली, जिनेव्रा. लुचिया विशीतली. तिलाही पुढे मुक्त करून प्रातोच्याच एका माणसाशी लावून दिलं.

म्हणजे मार्गरीता पट्टे आणि लेप शोधत होती त्याच वर्षांत, त्याच छपराखाली, दुसऱ्या बायकांना मुलं होत होती आणि त्यांना नकार द्यायचा हक्क नव्हता. दीड लाख पत्रांत लुचियाच्या हातचं एकही नाही. तिचा देव कोणता होता? कोणत्या भाषेत ती मनात बोलायची? श्रद्धेबद्दल बोलायचं तर तिच्या श्रद्धेचंही बोलायला हवं. बाप्तिस्मा झाला, नाव लुचिया ठेवलं, आधीचं नाव गेलं.

मला राग येतो, आणि तो मला इथे मांडायचा होता.

---

चिंचेचं_झाड

कृष्णाकाठ, बरं केलंत. मी मावशीच्या आठवणीत रमले होते.

---

रानजाई

कृष्णाकाठ, मी लेखात लुचियाला आणलं नाही ही माझी चूक आहे. लेख मार्गरीताच्या बाजूनं लिहिताना मी तिचं दुःख तेवढं पाहिलं.

माहीत असलेलं जोडते. जिनेव्रा सहा वर्षांची झाल्यावर, 1398 मध्ये, घरात आली आणि मार्गरीतानं तिला वाढवलं. एकदा तिचा घसा दुखत होता तेव्हा मार्गरीता नवऱ्याला कळवते की तिची काळजी करू नकोस, माझी असती तर घेतली असती त्याहून जास्त काळजी मी घेतेय आणि मी तिला माझीच मानते. 1407 मध्ये तिचं लग्न झालं, हुंडा 1000 फ्लोरिन. साध्या मोलकरणीला वर्षाला दहाएक फ्लोरिन मिळत, त्यावरून अंदाज करा. हे सगळं होताना लुचिया त्याच गावात राहत होती.

---

वहीखातं

मृत्युपत्राचं राहिलं. 70,000 सोन्याचे फ्लोरिन प्रातोच्या गरिबांसाठी. एक फ्लोरिन साडेतीन ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ 245 किलो सोन्याच्या तोलाची मालमत्ता. मृत्युपत्र लापोनंच लिहिलं. त्यातली मला आवडलेली अट अशी की या पैशातून गरिबांसाठी उभी राहणारी संस्था, चेप्पो, चर्चच्या ताब्यात जाता कामा नये. घरात वेदी नको, देखरेख गावाची. अनवाणी चालणारा माणूस पैसा मात्र धर्मगुरूंच्या हाती देत नाही!

शिवाय फ्लोरेन्समध्ये टाकलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू व्हावा म्हणून 1000 फ्लोरिन. तो आकडा जिनेव्राच्या हुंड्याएवढाच आहे, हे आत्ता तुमच्या प्रतिसादामुळे लक्षात आलं.

---

कृष्णाकाठ

त्याच देणगीच्या प्रेरणेतून पुढे टाकलेल्या मुलांचं ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती उभं राहिलं ना? रेशीम व्यापाऱ्यांच्या संघानं 1419 मध्ये जागा घेतली, वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं कमानी उभारल्या. 5 फेब्रुवारी 1445 ला पहिलं मूल आलं, मुलगी. संत आगाताचा दिवस, म्हणून नाव आगाता. सुरुवातीच्या वर्षांत तिथे आलेल्या मुलांत गुलाम बायकांची मुलं बरीच होती. वास्तुकलेच्या पुस्तकांत त्या कमानींचे फोटो असतात, प्रबोधनकाळाची पहिली इमारत म्हणून. मी तिथे गेले होते तेव्हा कमानींकडे फार वेळ पाहू शकले नाही. आत एका कपाटात मुलांबरोबर ठेवलेल्या खुणा आहेत. अर्धं तोडलेलं पदक, मणी, चिंधी. उरलेलं अर्धं आईकडे.

---

उत्तररात्र

आता मात्र हिशेबीपणाबद्दलचं मतही डळमळलं. किंवा असं म्हणतो, हिशेब होता, पण त्याला त्यात आपली बाकी दिसत होती.

रानजाई, मार्गरीताचं पुढे काय झालं?

---

रानजाई

फ्रान्चेस्को 16 ऑगस्ट 1410 ला गेला. आदल्या दिवशी, पंधरा ऑगस्टला, मेरीमातेचा पट्टा लोकांना दाखवण्याचा दिवस असतो. त्याचं थडगं प्रातोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आहे. त्यावर तो हात जोडून आडवा, साध्या लांब झग्यात.

मार्गरीता त्याच्यानंतर तेरा वर्षं जगली. शेवटचा काळ ती फ्लोरेन्सला होती, जिनेव्राकडे. 1423 मध्ये तिथेच गेली. सान्ता मारिया नोव्हेल्लामध्ये तिला पुरलं.

---

चिंचेचं_झाड

जिनेव्राकडे. लुचियाच्या लेकीकडे.

आज रात्री मावशीला फोन करते.